डेलॉसच्या नावाने बाळंतिणीला विटाळ लावू नका

ग्रीसमधील डेलॉस या बेटाविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर फिरत आहे. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता, परंतु माझ्या भाचीला तो तिच्या सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मुद्दाम पाठवला, आणि भाची नुकतीच बाळंत झाली आहे. मजकुराखाली त्यांनी स्वतःच्या दोन ओळी जोडल्या होत्या: "बघ, परदेशातही हे मानतात. दहा दिवस देवघराकडे आणि स्वयंपाकघराकडे फिरकू नकोस, कुणाला शिवू नकोस." शिकलेली, नोकरी करणारी मुलगी फोन करून विचारते की, "मावशी, हे खरेच विज्ञानाने सिद्ध झाले आहे का?", तेव्हा गप्प बसणे योग्य नाही. माझे शिक्षण प्राचीन इतिहासाचे आहे, आणि डेलॉसच्या उत्खननाविषयी जे छापून आले आहे त्यातील बरेचसे मी वाचलेले आहे. म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. डेलॉस या पवित्र बेटावर हजारो वर्षांत एकही माणूस जन्मला नाही आणि एकही मेला नाही. तेथे दीडशे वर्षे उत्खनन होऊनही एकही थडगे सापडलेले नाही. जन्म आणि मृत्यू यांच्या वेळी शरीरातून 'नकारात्मक ऊर्जा' बाहेर पडते हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते, म्हणून गरोदर स्त्रियांना बेटाबाहेर नेले जाई, आणि आपले सोयर-सुतक हे त्याच विज्ञानावर उभे आहे. बेटाच्या ग्रॅनाइटमध्ये विशेष स्पंदने असून ती 'फ्रेंच शास्त्रज्ञांनी' मोजलेली आहेत. आयर्लंडपासून इस्राएलपर्यंत काढलेल्या एका सरळ ऊर्जारेषेवर हे बेट येते. आणि शेवटी, आजही युनेस्कोने तेथे जन्म, मृत्यू आणि रात्रीचा मुक्काम यांवर बंदी घातलेली आहे.

यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डेलॉसवर कोणी मरू नये आणि कोणी बाळंत होऊ नये असा नियम खरोखरच होता. तो केव्हा झाला, कोणी केला आणि कसा केला हे आपल्याला माहीत आहे, कारण थ्युसिडिडीज या अथेनियन इतिहासकाराने ते त्याच्या हयातीतच लिहून ठेवले. पेलोपोनेशियन युद्धाच्या इतिहासातील तिसऱ्या खंडाच्या १०४ व्या प्रकरणात तो सांगतो की, इ.स.पू. ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या लोकांनी कोणत्याशा देववाणीनुसार डेलॉसचे शुद्धीकरण केले. त्याआधी, सहाव्या शतकात, पायसिस्ट्रॅटस या अथेन्सच्या सत्ताधीशाने अपोलो या ग्रीक देवाच्या तेथील मंदिरातून जेवढा भाग दिसत होता तेवढ्यातील थडगी हलवली होती. आता संपूर्ण बेटावरची थडगी उकरून काढण्यात आली आणि यापुढे बेटावर कोणी मरू नये, कोणी प्रसूत होऊ नये, अशांना शेजारच्या रेनिया बेटावर न्यावे, असा हुकूम काढण्यात आला.

हे एक प्रकरण नीट वाचले असते तरी मजकुरातील पहिला दावा लिहिणाऱ्याच्या हातून लिहिला गेला नसता. बेटावर कोणी मेलेच नव्हते, तर थडगी कोणाची हलवली? पहिल्या खंडात थ्युसिडिडीज त्यांचाही तपशील देतो. उघडलेल्या थडग्यांतील निम्म्याहून अधिक कॅरियन, म्हणजे आशिया मायनरच्या कॅरिया भागातील, लोकांची होती असे तो म्हणतो, आणि त्यासाठी तो मृतांसोबत पुरलेल्या शस्त्रांचा आणि पुरण्याच्या पद्धतीचा दाखला देतो. त्याच्या या निष्कर्षाविषयी आज अभ्यासकांत वाद आहे, पण थडगी होती आणि ती उकरली गेली याविषयी वाद राहिलेला नाही. १८९८ मध्ये स्टाव्रोपोलोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाला रेनियावर तो खड्डाच सापडला. डेलॉसवरून उचलून आणलेल्या अस्थी आणि मृतांसोबतची भांडी त्यात एकत्र पुरलेली होती. त्या भांड्यांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मायकोनोस बेटावर संग्रहालय उभे राहिले आणि ती आजही तेथे पाहता येतात. ज्यांना 'एकही थडगे नाही' असे वाटते त्यांच्यासाठी एक अख्खे संग्रहालय त्या थडग्यांतील वस्तूंनी भरलेले आहे.

शिवाय बेटावरची सगळी थडगी हलवलीही गेली नाहीत. दूर उत्तरेतल्या हायपरबोरियन लोकांच्या देशातून अपोलोसाठी नैवेद्य घेऊन आलेल्या कुमारिका डेलॉसवरच मरण पावल्या अशी कथा हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने दिली आहे. त्यांच्या दोन थडग्यांची डेलॉसची मुले-मुली पूजा करीत आणि लग्नाआधी मुली आपल्या केसांची बट तेथे वाहत, असे तो लिहितो. अपोलो आणि त्याची बहीण आर्टेमिस यांच्या मंदिरांच्या ऐन परिसरात उत्खननात जी मायसीनी काळातील, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील, थडगी मिळाली, ती याच स्थानांशी जोडली जातात. म्हणजे शुद्धीकरण करणाऱ्यांनीही जी थडगी देवाच्या कथेत बसत होती ती पवित्र मानून तशीच ठेवली. मृत्यूचा विटाळ जर भौतिक ऊर्जेचा भाग असता, तर तो कुमारिकांच्या अस्थींना का लागला नाही?

'हजारो वर्षांत' या शब्दांविषयीही थोडे सांगते. डेलॉसच्या मध्यभागी कुंथोस नावाची सुमारे ११३ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातील झोपड्यांची वस्ती सापडलेली आहे, म्हणजे बंदीच्या आधी दोन हजार वर्षे तेथे माणसे संसार करीत होती. बंदीनंतरचेही पाहा. इ.स.पू. ८८ मध्ये पोंटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या सैन्याने डेलॉसवर हल्ला केला. डेलॉस आणि आसपासची ठिकाणे मिळून सुमारे २०,००० माणसे मारली गेली आणि त्यांत बहुतेक इटलीचे होते, असे अप्पियन हा इतिहासकार सांगतो. इ.स.पू. ६९ मध्ये समुद्री चाच्यांनी बेट पुन्हा लुटले. नंतर ख्रिस्ती काळात येथे बॅसिलिका, म्हणजे मोठी चर्चे, उभी राहिली. या सगळ्या काळात बेटावर कोणी मेले नाही असे म्हणणे म्हणजे कत्तलीत मारल्या गेलेल्या माणसांना इतिहासातून पुसून टाकणे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, कारण बाकी सर्व चुका क्षम्य असल्या तरी हा नाही. मजकूर म्हणतो की ग्रीकांचा नियम म्हणजे 'प्राचीन विज्ञान' होते, आणि म्हणून बाळंतिणीला अस्पर्श ठेवणे योग्य आहे.

ग्रीक लोक जन्म आणि मृत्यू यांना विटाळ मानत, हे खरे आहे. आपल्याकडच्या सोयर-सुतकाशी त्याचे साम्य आहे, हेही मी मान्य करते; कायरीनी या नगरातील इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शिलालेखात बाळंतिणीमुळे घराला विटाळ होतो आणि त्या छपराखाली आलेल्या माणसाचा विटाळ तीन दिवस राहतो असे नियम कोरलेले आहेत, आणि ते वाचताना मराठी माणसाला ओळखीचे वाटेल. परंतु दोन समाजांनी एकसारखी समजूत बाळगली म्हणून ती समजूत विज्ञान होत नाही. त्या समजुतीत ऊर्जा कुठेच नाही. डेलॉसच्या स्वातंत्र्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ३१४ ते १६७ या वर्षांत, मंदिराच्या कारभाऱ्यांनी दरवर्षीचा हिशेब दगडावर कोरून ठेवला, आणि हे हिशेब उत्खननात मोठ्या संख्येने मिळाले आहेत. घरभाडी, शेतांचा खंड, लाकूड, डांबर यांच्या बरोबरीने त्यांत मंदिराच्या शुद्धीसाठी विकत घेतलेल्या डुकराच्या पिलाचा खर्च महिन्यामागून महिना नोंदलेला आहे. पिलाचा बळी दिला की स्थान शुद्ध होई. हा धार्मिक विधी होता आणि तो करणाऱ्यांनीही त्याला विधीच मानले. त्याला मोजमापाची भाषा चिकटवणे हे आजच्या काळातील कोणाचे तरी काम आहे.

स्ट्रेबो हा भूगोलकार सांगतो की डेलॉसवर कुत्रा पाळण्यासही मनाई होती. मजकूर लिहिणाऱ्याने हे का गाळले? कुत्र्याच्या शरीरातून कोणती नकारात्मक ऊर्जा निघते हे सांगावे लागले असते म्हणूनच, असे मला वाटते.

नियमाच्या मुळाशी काय होते हे समजून घ्यायचे तर ते वर्ष पाहिले पाहिजे. अथेन्स तेव्हा स्पार्टाशी युद्ध लढत होते आणि शहरात भयंकर साथ येऊन गेली होती. डायोडोरस हा नंतरचा इतिहासकार शुद्धीकरणाचा संबंध थेट त्या साथीशी लावतो. पण डेलॉस हे अथेन्ससाठी केवळ देवस्थान नव्हते. इ.स.पू. ४७८-७७ मध्ये पर्शियाविरुद्ध जो संघ स्थापन झाला त्याचा खजिना डेलॉसवर होता, आणि इ.स.पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला हलवला गेला होता. त्याच सुमारास बेटावर अपोलोच्या मोठ्या मंदिराचे बांधकाम अर्धवट थांबले. शुद्धीकरणानंतर मात्र अथेन्सने दर चार वर्षांनी भरणारा डेलिया हा उत्सव नव्याने सुरू केला आणि त्या अपुऱ्या मंदिराच्या अगदी शेजारी स्वतःचे वेगळे मंदिर बांधले. बेट कोणाचे आहे हे सगळ्या एजियन समुद्राला दाखवण्याची ही रीत होती.

आणि मग पुढचे पाऊल पडले. इ.स.पू. ४२२ मध्ये अथेन्सने डेलॉसच्या सर्व रहिवाशांना बेटावरून हाकलून दिले. कारण काय दिले, तर कोणत्याशा जुन्या दोषामुळे ते लोकच अशुद्ध आहेत आणि त्यांना न काढल्यामुळे आधीचे शुद्धीकरण अपुरे राहिले! घरदार सोडून ती माणसे आशिया मायनरच्या किनाऱ्यावर पर्शियन अधिकाऱ्याच्या आश्रयाला गेली. पुढच्याच वर्षी डेल्फीच्या देववाणीमुळे त्यांना परत येऊ दिले गेले. आधी थडगी अशुद्ध ठरली, मग बाळंतपण अशुद्ध ठरले, मग जिवंत माणसे अशुद्ध ठरली. आणि प्रत्येक वेळी ठरवणारा तोच होता, ज्याच्याकडे आरमार होते. त्या लोकांनी हे निमूटपणे स्वीकारले असेही नाही. इ.स.पू. ३७६ च्या सुमाराचा एक शिलालेख सांगतो की, अथेन्सने नेमलेल्या मंदिर-अधिकाऱ्यांना मंदिरातून ओढून काढून मारहाण केल्याबद्दल काही डेलॉसकरांना दंड आणि हद्दपारीची शिक्षा झाली. विटाळाच्या नियमाचे गोडवे गाणाऱ्या मजकुरात या माणसांना जागा नाही.

प्लूटार्क या ग्रीक लेखकाने एक प्रसंग नोंदवला आहे, तो मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. डेलॉसचे लोक अथेन्सविरुद्ध आपल्या बेटावरचा हक्क मांडत होते, आणि बोलताना त्यांनी सांगितले की त्यांच्या नियमाप्रमाणे बेटावर स्त्रिया बाळंत होत नाहीत आणि मृतांना पुरले जात नाही. त्यावर स्पार्टाचा नेता पॉसेनियस याने विचारले की, तुमच्यापैकी कोणी जेथे जन्मला नाही आणि जेथे कोणी पुरला जाणार नाही, ती तुमची मायभूमी कशी? नियमाने त्या लोकांचे काय केले ते या प्रश्नात आले. स्वतःच्या भूमीवर जन्मण्याचा हक्क गेला, तेव्हा ती भूमी आपली म्हणण्याचा आधारच परक्यांच्या लेखी गेला.

आणि हा नियम प्रत्यक्षात कोणाच्या अंगावर पडत होता? पोटात कळा सुरू झालेल्या बाईच्या. स्ट्रेबोच्या सांगण्याप्रमाणे रेनिया चार स्टेडियम, म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर दूर आहे. मध्ये समुद्राची सामुद्रधुनी आहे, आणि त्या भागातला उत्तरेचा उन्हाळी वारा असा असतो की आजही मायकोनोसहून डेलॉसला जाणाऱ्या बोटी काही दिवशी रद्द होतात. अशा वेळी अडलेल्या बाईला होडीत घालून पलीकडे न्यायचे. मरणासन्न म्हाताऱ्यालाही तसेच न्यायचे. रेनियाच्या किनाऱ्यावर हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या, काळातील थडग्यांचे कोरीव दगड फार मोठ्या संख्येने सापडले आहेत, आणि त्यांवर स्त्री-पुरुषांची आणि मुलांची नावे आहेत. डेलॉसवर राहून, काम करून, शेवटी पलीकडच्या किनाऱ्यावर पुरली गेलेली ही माणसे आहेत.

हा त्रास ग्रीकांना स्वतःला कळत नव्हता असे नाही, आणि मजकुराला माझे सर्वांत ठाम उत्तर हेच आहे. एपिडॉरस येथील ॲस्क्लेपियसच्या देवस्थानातही डेलॉससारखाच नियम होता: आवारात कोणी मरायचे नाही, कोणी बाळंत व्हायचे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे गेलेला, स्पार्टाच्या त्या नेत्याच्याच नावाचा प्रवासवर्णनकार पॉसेनियस या नियमाची तुलना डेलॉसशी करतो आणि पुढे लिहितो की, देवस्थानाच्या आसपास राहणाऱ्या लोकांना या नियमाचा फार जाच होत होता, कारण त्यांच्या बायकांना बाळंत होण्यासाठी छप्पर नव्हते आणि आजारी माणसे उघड्यावर प्राण सोडत होती. अँटोनायनस नावाच्या रोमन सिनेटरने त्यांच्यासाठी एक इमारत बांधून दिली, तेव्हा कुठे माणसाला निर्धास्त मरता येईल आणि बाईला निर्धास्त बाळंत होता येईल अशी जागा झाली. हे दैवत कोणाचे होते? आरोग्याचे. आजारी लोक बरे होण्यासाठी जेथे येत, तेथेच बायका उघड्यावर बाळंत होत होत्या. अठराशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही यात दुःख दिसले आणि त्यांनी त्यावर उपाय केला. आपण मात्र त्याच नियमाचा दाखला देऊन आज एका मुलीला तिच्याच घरात वेगळी बसवावी, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

कथेचाही विचार करा. डेलॉस पवित्र का झाले? कारण तेथे एक बाई बाळंत झाली. अपोलोची आई लेटो हिला, झ्यूस देवाची पत्नी हेरा हिच्या भीतीने, कोणतीही भूमी आसरा देईना, तेव्हा या उजाड बेटाने तो दिला. अपोलोच्या प्राचीन स्तोत्रात सांगितल्याप्रमाणे नऊ दिवस आणि नऊ रात्री तिला कळा येत होत्या, प्रसूतीची देवता इलायथिया शेवटी आली, आणि खजुराच्या झाडाला मिठी मारून लेटोने अपोलोला जन्म दिला. कुंथोसच्या उतारावर प्रसूतीची रक्षणकर्ती म्हणून आर्टेमिसचे स्वतंत्र स्थानही उत्खननात ओळखले गेले आहे. बाळंतपणाच्या देवतांना पुजणारे हे बेट होते. अशा बेटाचे नाव घेऊन बाळंतपणाला घाण ठरवणाऱ्याने निदान बेटाची कथा तरी वाचायला हवी होती.

बाळंतिणीला विश्रांती हवी, गर्दी नको, आलेल्या-गेलेल्याने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये, हे सारे मला मान्य आहे आणि कोणताही डॉक्टर हेच सांगेल. पण विश्रांती देणे वेगळे आणि न शिवणे वेगळे. बाळंतपणानंतरचे पहिले दिवस हेच रक्तस्राव, ताप आणि जंतुसंसर्ग यांचे दिवस असतात, आणि म्हणून त्या दिवसांत तिच्याजवळ कोणीतरी असावे लागते, तिच्या अंगाला हात लावून ताप पाहावा लागतो, बाळ दूध ओढते की नाही हे शेजारी बसून पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या २४ तासांनंतरही ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी असे सांगते. आपल्याकडे आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी घरी येते. यांतल्या पहिल्या दोन भेटी त्या दहा दिवसांतच येतात, ज्यांत मजकुराप्रमाणे बाईला कोणी शिवायचे नाही. ज्या घरात हा मजकूर खरा मानला जाईल त्या घरात आशाताई दारातूनच परत पाठवली जाण्याची भीती आहे, आणि ती भीती मला डेलॉसविषयीच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठी वाटते.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा देण्याची गरज नाही.

ग्रॅनाइटची स्पंदने. अथेन्स येथील 'फ्रेंच स्कूल' ही संस्था १८७३ पासून डेलॉसवर उत्खनन करीत आहे, आणि तिचे अहवाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खंडामागून खंड प्रसिद्ध होत आले आहेत. मजकुरातले 'फ्रेंच शास्त्रज्ञ' कोण, त्यांनी कोणत्या वर्षी काय मोजले आणि ते कोठे छापले, यांपैकी एकही गोष्ट मजकूर सांगत नाही. खडकाविषयी मात्र निश्चित सांगता येते. मायकोनोस, डेलॉस आणि रेनिया या तिन्ही बेटांवरचा ग्रॅनाइट भूशास्त्रज्ञांच्या लेखी एकाच वितळलेल्या खडकाच्या समूहातून थंड होऊन तयार झालेला आहे. डेलॉसच्या खडकात जन्म-मृत्यू सहन न होण्यासारखे काही असते, तर ते रेनियाच्या खडकातही असते, आणि नेमके तेथेच बाळंतिणींना नेले जात होते. रेनिया धार्मिकदृष्ट्या सामान्य होते असेही म्हणता येणार नाही. सेमॉस बेटाचा सत्ताधीश पॉलिक्रेटीस याने ते जिंकून अपोलोला अर्पण केले होते आणि साखळीने डेलॉसला बांधले होते, हेही थ्युसिडिडीजच सांगतो. तोच खडक, तोच देव, आणि तरी तेथे बाळंतपण चालत होते.

मजकुरासोबतचे छायाचित्र कुंथोसच्या उतारावरील गुहेचे आहे. खडकाच्या फटीवर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींना टेकवून छप्पर केलेले दिसते, आणि खाली 'दहा हजार वर्षांपूर्वीचे ऊर्जागृह' असे लिहिले आहे. ही गुहा फार पुरातन आहे आणि अपोलोचे मूळ स्थान तेच, असे १८७३ मध्ये तेथे खणणाऱ्या लेबेग यालाही वाटले होते. पुढच्या संशोधनात ते हेराक्लीसचे स्थान असून हेलेनिस्टिक काळात मुद्दाम पुरातन भासेल असे बांधलेले आहे, हे दिसून आले. पुरातत्त्वात पहिली समजूत अशी तपासली जाते आणि चुकली तर सोडली जाते. मजकुरात ती सोडलेली समजूतसुद्धा आठ हजार वर्षे मागे ढकलून पुन्हा वापरली आहे.

ऊर्जारेषा. युरोपच्या सपाट नकाशावर आयर्लंडच्या स्केलिग मायकेलपासून इस्राएलमधील कार्मेल पर्वतापर्यंत रेघ ओढली की सेंट मायकेल या ख्रिस्ती देवदूताची काही प्रसिद्ध स्थाने आणि डेलॉस तिच्या जवळपास येतात, इतके खरे आहे. जवळपास म्हणजे कित्येक ठिकाणी दहा-पंधरा किलोमीटर बाजूला, जे रेघ जाड असल्यामुळे दिसत नाही. आणि ती रेघ नकाशावर सरळ आहे. पृथ्वीच्या गोलावर त्या दोन टोकांमधला जवळचा मार्ग तो नव्हे. त्या स्थानांपैकी फ्रान्समधील माँ सें मिशेलची स्थापना परंपरेने ७०८ ची मानतात, तोवर अपोलोची पूजा केव्हाच थांबलेली होती. एवढ्या मोठ्या खंडात शेकडो देवस्थाने असताना त्यांतली सोयीची तेवढी घ्यायची आणि रेषेबाहेरची विसरायची, ही पद्धत आहे.

'पवित्र बेट' या प्रतिमेविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मजकूर तिला स्पर्शही करीत नाही. इ.स.पू. १६७ नंतर रोमने डेलॉस अथेन्सच्या ताब्यात दिले आणि त्याला करमुक्त बंदर केले. मूळ रहिवाशांना पुन्हा एकदा हाकलले गेले. त्यानंतर हे बेट गुलामांच्या व्यापाराचे केंद्र झाले. एका दिवसात दहा हजार गुलाम घेऊन ते विकून टाकण्याची त्या बाजाराची क्षमता होती, असे स्ट्रेबो म्हणतो. आकडा फुगवलेला असू शकतो, पण व्यापार खरा होता. ज्या भूमीवर बाळंत होणे निषिद्ध होते, त्या भूमीवर माणसे विकणे निषिद्ध नव्हते. शुद्धतेचा हा नियम नैतिकतेचा किंवा आरोग्याचा होता असे कोणाला वाटत असेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे.

शेवटचा दावा युनेस्कोचा. १९९० मध्ये डेलॉसचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. युनेस्को कोणाच्या जन्मावर किंवा मृत्यूवर बंदी घालत नाही आणि तिला तसा अधिकारही नाही. रात्री पर्यटकांना तेथे थांबू देत नाहीत हे बरोबर आहे, पण तो ग्रीक पुरातत्त्व खात्याचा नियम आहे आणि तो साडेतीन चौरस किलोमीटरच्या उघड्या पुराण-नगराच्या रक्षणासाठी आहे. पहारेकरी आणि काम चालू असताना पुरातत्त्वज्ञ तेथे राहतात, झोपतात, स्वयंपाक करतात. त्यांच्यापुढचा आजचा प्रश्न ऊर्जेचा नाही, पाण्याचा आहे. प्राचीन काळापासून येथील समुद्रपातळी सुमारे दोन मीटरने वाढली आहे, बंदराकडची गोदामे पाण्याखाली गेली आहेत, आणि खारे पाणी भिंतींत झिरपून दगड व गिलावा सुटत चालला आहे. ज्यांना डेलॉसविषयी काही पुढे पाठवायचे असेल त्यांनी हे पाठवावे.